जिथे घोडा पोहोचत नाही

तराबुलुस, शबात महिन्याचा शेवट

नाजी,

हुबैश खच्चरवाल्याने तुझं पत्र साबणाच्या पोत्यात खुपसून आणलं, त्यामुळे तुझ्या सगळ्या शिव्यांना साबणाचा वास येत होता. राग यायच्या ऐवजी न्हाणीघरात बसल्यासारखं वाटलं. पुढच्या वेळी मोठ्या बहिणीला बोल लावायचे असतील तर माशांच्या टोपलीतून पाठव.

तू विचारतोस, सातशे वर्षं मागे आपण पंधरा दिवसांसाठी आलो होतो, तुझे पंधरा दिवस अजून संपले नाहीत का? नाही संपले. बारा वर्षं झाली, मला मोजता येतं. दमास्कसच्या त्या पडक्या हमामातलं आपल्या काळात नेणारं दार दर उन्हाळ्याच्या तोंडाशी एकदा उघडतं, हे मला माहीत आहे. तू दरवर्षी तिथे जाऊन उभा राहतोस आणि माझ्याशिवाय आत पाऊल टाकत नाहीस, हेही माहीत आहे. कोणी सांगितलं होतं थांबायला? "आईला काय तोंड दाखवू" हे तुझं पालुपद मला पाठ झालंय. आईला सांग, रबाबने एका विणकराशी लग्न केलं आणि तिला मागावर बसायला आवडतं. आई आधी रडेल, मग विचारेल, रेशीम चांगलं विणतो का? विणतो म्हणावं.

सरकिस मजेत आहे. तुला सलाम सांगतो. तक्ला माझ्या खांद्याला लागली. ती त्याच्या पहिल्या बायकोची मुलगी, हे आता गल्लीत कुणाच्या लक्षातसुद्धा नाही, माझ्याही नाही. परवा ताण्याचे धागे लावताना तिने मला शिकवलं, आणि वर म्हणाली, "आई, तुझे हात म्हणजे नुसते बोंबील आहेत." तुझी भाची आहे. भेटला नाहीस तिला कधी, तो दोष माझा नाही.

पत्राच्या शेवटी तू लिहिलंस की अमीराच्या फौजेत जखमा शिवायचं काम वाढलंय आणि फौज लवकरच उत्तरेला निघेल. कुठे, ते लिहिलं नाहीस. लिहायची गरजही नव्हती.

रबाब

तराबुलुस, मोठ्या उपवासाचे दिवस, आदार

नाजी,

इथे कुणाचाही विश्वास बसत नाही. बाजारात लोक म्हणतात, सुलतानाशी तह आहे, फौज आक्का शहरावर नाहीतर कुणा डोंगरी सरदारावर चाललीये. व्हेनिसवाले आणि जिनोआवाले बंदरावरच्या जकातीवरून एकमेकांची डोकी फोडतायत. फिरंगी सरदार शिकारीला जातात. मी सरकिसच्या मागांवर बसते, वर खिडकीतून सोनारगल्लीतली माणसं जाताना बघते, आणि प्रत्येकाला बघून वाटतं, हा उन्हाळा बघणार नाही. असं जगणं फार वाईट रे. तुला कळेल, म्हणून तुला लिहिते. दुसऱ्या कुणाला सांगणार?

तुझा निरोप हुबैशने तोंडी सांगितला, कारण तू तो कागदावर घालायला घाबरलास. बरोबर केलंस. आता उत्तर कागदावर घे, मी घाबरत नाही.

अमीराचा सडत चाललेला हात तू वाचवलास, म्हणून त्याने तुला सुलतानाकडचा अमानचा रुमाल मिळवून द्यायचं कबूल केलं. तो रुमाल हातात धरून मी वेशीबाहेर आले की मला कुणी बोट लावणार नाही. ठीक. अमीर मोठ्या मनाचा दिसतो. पण रुमाल फक्त माझ्यासाठी, कारण मी तुझी बहीण आणि मुसलमान घरातली. आणि ख्रिस्ती बापाची तक्ला? "तक्लाला मी लुटीतल्या वाट्यात माझ्या नावावर मागून घेतो, मग सोडून देतो, काळजी करू नकोस." हुबैशने हे तुझे शब्द सांगितले तेव्हा तो स्वतःच खाली बघत होता.

लुटीतल्या वाट्यात. माझी मुलगी. तू तिला दोरीने बांधलेल्या बायकांच्या रांगेतून शोधून काढणार, तोपर्यंत ती कुणाकुणाच्या हातून जाणार, हे तुला दिसलं नाही का? दिसलं असणार. बारा वर्षं त्या छावण्यांत राहून तुझ्या तोंडी त्यांची भाषा बसली, एवढंच.

आणि ते दुसरं, की फिरंग्यांनी हे गाव घेतलं तेव्हा त्यांनी काय केलं ते आठव, मग रड. आठवतं. पुस्तकं मीही वाचलीत. त्यातलं जेरुसलेम वाचून तू दोन दिवस जेवला नव्हतास, तेही आठवतं. पण ज्यांनी ते केलं ते मेले, त्यांचे नातू मेले. माझ्या मागावर बसणाऱ्या बायका अरबीत भांडतात, अरबीत देवाला शिव्या घालतात, आणि फिरंग्यांना करही देतात. या पवित्र लढाईत त्या नक्की कुणाच्या बाजूच्या, हे तुझ्या अमीराला विचारून कळव.

मला रुमाल नको. माझ्याकडे दुसरा उपाय आहे. सातवीच्या पुस्तकातला आपल्या गावाचा धडा तुला आठवत असेलच. त्यात काय लिहिलं होतं? "शहर पडले. काही लोक समोरच्या बेटावर गेले." त्याखाली लगेच रिकाम्या जागा भरा.

काही लोक बेटावर गेले, नाजी. म्हणजे काही लोक वाचले.

सरकिस सलाम सांगतो.

रबाब

तराबुलुस, ईस्टरचा सोमवार, नीसान

नाजी,

तुझी फौज माझ्या खिडकीतून दिसते. समुद्राची बाजू सोडून सगळीकडे तंबू. दगडफेकी यंत्रं उभी करताना सुतारांची गाणी ऐकू येत होती, सूर बरा होता. आता दिवसभर दगड येतात. बिशपच्या बुरुजाला पडलेल्या भेगेतून कावळे आत-बाहेर करतायत. पोरांना आधी भीती वाटायची, आता ती दगड कुठे पडणार यावर पैजा लावतात.

हा कागद सादिक कोळ्याकडून येईल. तो तुमच्या छावणीला मासे विकतो आणि आमच्याही. दोन्हीकडे त्याला हरामखोर म्हणतात आणि दोन्हीकडे त्याच्यावाचून अडतं.

एक गोष्ट सांगायची राहिली आहे. सरकिस दोन वर्षांपूर्वी तापाने गेला. तेव्हापासूनचे सगळे सलाम माझेच. तुला कळलं असतं तर तू म्हणाला असतास, आता तिथे तुझं काय उरलंय, चल. मला ते ऐकायचं नव्हतं. आणि उत्तर काय दिलं असतं? हे माग उरलेत, ही पोरगी उरलीये, ही गल्ली उरलीये जिथे कुणाच्या घरी काय शिजतंय ते मला वासावरून कळतं. आपल्या काळात माझ्या शेजारणीचं नावसुद्धा मला माहीत नव्हतं.

इथे माझं नाव मात्र फारच लोकांना माहीत झालंय. लाजिकिया शहरातल्या भूकंपाआधी मी हिलानाच्या भावाला तिथून बोलावून घ्यायला लावलं होतं, ते तिने गावभर केलं. हिलाना म्हणजे आमची सूत कातणारी, तोंडात दात दोन आणि जीभ सात हात. मग गावचा फिरंगी धनी, काउंट, मरायच्या आधी मी काळं रेशीम विणून ठेवलं, तेही लोकांनी बघितलं. आता माझ्या दाराशी रांग असते.

काल हिलाना सगळ्यांसमोर म्हणाली, "खाला, तुझा भाऊ तिकडं सुलतानाच्या मटणावर ताव मारतोय आणि आम्ही इथं वाटाणे मोजून खातोय. निदान एवढं तरी सांग, मरायचं कुठं? पडायला सोयीची जागा बघून ठेवते."

"मरायचं कशाला?" मी म्हटलं.

"म्हणजे जागा आहे!" ती ओरडली. "बघा, म्हटलं नव्हतं? हिला ठाऊक आहे, सांगत नाही मेली!"

सगळ्या माझ्याकडे वळल्या. तक्लासुद्धा माझ्याकडे बघत होती. नाजी, त्या बायकांचे चेहरे तू बघितले असतेस तर तूही सांगितलं असतंस. मी सांगितलं. संत तोमाचं बेट.

तुला आता वाटत असेल, रबाब इतिहासात ढवळाढवळ करतेय. मी धड्याबाहेर काही केलेलं नाही. धड्यात लोक बेटावर गेले, माझ्या सांगण्यावरूनही लोक बेटावरच जाणार. मी इथे नसते तर त्यांना हे कोण सांगणार होतं, हा विचार मनात आला, आणि मी उठून ताण्याला पाणी मारायला लागले.

रबाब

तराबुलुस, नीसानची अखेर

नाजी,

आज सकाळी व्हेनिसवाले गेले. जहाजात माल भरून, शिडं लावून, जणू हंगाम संपला. ते बघून दुपारी जिनोआवालेही निघाले. धक्क्यावर बायका पोरं वर करून दाखवत होत्या, पोराला तरी घ्या म्हणून. एका खलाशाने एकीच्या हातातून बांगड्या काढून घेतल्या आणि पोर परत तिच्याच हातात दिलं.

आता बिशपचा बुरुज कोसळला, त्याच्या शेजारचाही. तुझा निरोप सादिकने दिला, "उद्या हल्ला आहे, वेशीशी ये, रुमाल घेऊन मी उभा असेन, तक्लाचं बघतो काहीतरी." काहीतरी म्हणजे काय ते तू अजूनही लिहीत नाहीस.

मी येत नाही. नीट ऐक, पहिल्यांदाच मी तुझ्याकडे काही मागते आहे.

आज आमची सगळी गल्ली कोळ्यांच्या होड्यांतून बेटावर जाते आहे. फक्त आमचीच नाही. तांबट आलेत, साखरवाले आलेत, वरच्या वाड्यांतल्या फिरंगी बायका दागिने पोटाशी बांधून आल्यात. पहिल्यांदा मला हायसं वाटलं, मग भीती वाटली, एवढी माणसं माझ्या एका शब्दावर. होड्या परत फिरायच्या नाहीत असं ठरलंय, नाहीतर तुमचे लोक त्या पकडतील. तिथे संत तोमाचं देऊळ आहे, पावसाच्या पाण्याचं टाकं आहे. लूट आटोपेपर्यंत, शिपाई दमेपर्यंत आम्ही तिथे काढू. दोन दिवस, फार तर तीन.

मग तू ये. तुझ्या अमीराला सांग, तिथल्या माणसांना अमान दे, ती विणकर आहेत, त्यांना मारून रेशीम मिळणार नाही. त्याचा राग थंड झाल्यावर तो ऐकेल. होडी घेऊन ये. देवळाच्या मागे, समुद्राकडच्या खडकांवर मी असेन. तक्लाला सांगितलंय की मामा न्यायला येणार आहे. तिने विचारलं, "मामा दिसतो कसा?" मी म्हटलं, माझ्यासारखाच, फक्त जास्त रडका.

घाई करू नकोस. आम्हाला तिथे धोका नाही. ते पाणी तुला आणि मला सांगायला नको. आपले बाबा आयुष्यभर त्या पाण्यावरून सहलीवाल्यांची नेआण करत होते. बाजूने मालाची मोठमोठी जहाजं जायची, तळ कधी दिसायचा नाही, काळंशार पाणी. तू पडला होतास तेव्हा बाबांनी तुझे केस धरून वर काढलं होतं. तुमच्या फौजेकडे गलबतं नाहीत, हे सादिकने पाहिलंय. घोडे आहेत. आणि बेटावर घोडा येऊच शकत नाही.

या सगळ्यातून निभावलं तर मी तुझ्याबरोबर त्या हमामाच्या दारापर्यंत येईन. तक्लाला घेऊन. हे वचन समज. आईला नात दाखवू.

रबाब

संत तोमाचं बेट

नाजी,

हे तुझ्यापर्यंत पोहोचणार नाही. सादिक कालच गेला, त्याची होडी किनाऱ्यावर जळताना दिसली. पण हाक मारून माझा आवाज तुझ्यापर्यंत जात नाही आणि मला तुझ्याशी बोलल्याशिवाय बसवत नाही, म्हणून देवळाच्या पायरीवर बसून लिहिते.

काल शहर पडलं. दिवसभर इकडे आवाज येत होता. मग कमी झाला. कमी झाला ते जास्त वाईट होतं.

आज पहाटेपासून डोंगराकडून सुका वारा सुटलाय. त्याने पाणी किनाऱ्यावरून समुद्रात लोटलं. सकाळी तक्ला मला हाताला धरून देवळाच्या किनाऱ्याकडच्या बाजूला घेऊन गेली. म्हणाली, "आई, इथे शेण कसं काय?" जुनं, वाळलेलं शेण होतं, ठिकठिकाणी. गाईचं. बेटावर एकही गाय नाही.

मी साखरवाल्याच्या बायकोला विचारलं. ती म्हणाली, "अगं, पाणी ओसरलं की गुराखी आणतात की गुरं चरायला. वाळूवरनं चालत येतात, मध्ये थोडं पोहतात. तुला ठाऊक नाही? तूच तर आणलंस इथं."

आपल्या वेळी या बेटाला गाईबेट म्हणत, नाजी. आपण बाबांना विचारायचो, गाय कुठेय? ते म्हणायचे, पोहायला गेलीये. आपण हसायचो. मालाच्या जहाजांसाठी बंदर खोदून खोल केलं, ते आपण जन्मायच्या कितीतरी आधी, पण आजपासून कितीतरी पुढे. ते काळंशार पाणी अजून झालेलंच नाही. इथे जन्मलेल्या एकाही माणसाने ही चूक केली नसती. त्यांना सगळ्यांना वाळू माहीत होती. त्यांना वाटलं, हिला एवढं पुढचं दिसतं, तर हिने त्याचा विचार केलाच असेल. म्हणून कुणी तोंड उघडलं नाही.

आणि धड्यात लिहिलं होतं, काही लोक बेटावर गेले. ते वाचले असं कुठे लिहिलं होतं? ते मी भरलं.

मी कुणाला काही सांगितलेलं नाही. सांगून काय करू? होड्या नाहीत, आम्हाला उतरवून कोळी त्या घेऊन खुल्या समुद्रात निघून गेले. तुमच्या लोकांना वाळूची खबर नाही, ती दमास्कसची, कैरोची माणसं आहेत, घोड्यांवरची, पाण्याला भिणारी. किनाऱ्यावर उभी राहून इकडे बघतात, बोटं दाखवतात, पाणी बघतात आणि परत लुटीकडे वळतात. मघाशी मला वाटलं, संध्याकाळी वारा पडेल, पाणी चढेल, आणि निभावून जाईल. खरंच वाटलं.

तेवढ्यात किनाऱ्यावर गलका झाला आणि एकजण घोडा घेऊन पाण्यात उतरला.

एकटाच. इतक्या लांबून चेहरा दिसत नाही. पण घोड्यावर बसून कोपरं अशी बाहेर काढणारा साऱ्या फौजेत एकच असणार. काठावरचे हसतायत, टाळ्या वाजवतायत. त्यांना वाटतंय, वैद्य वेडा झाला, बुडणार.

तुला होडी मिळाली नाही ना? सगळ्या आम्हीच घेऊन आलो. तू थांबला असतास, पण तुला भीती वाटली असेल, दुसरं कुणी आधी पोहोचेल. मी घाई करू नकोस म्हटलं तेव्हा तू आयुष्यात कधी ऐकलं आहेस? बारा वर्षं मी तुला टोचून बोलले, का थांबलास, कुणी सांगितलं होतं. तू थांबलास म्हणून मी इथे निर्धास्त राहू शकले. कुणीतरी आपल्यासाठी दाराशी उभं आहे, हे माहीत असताना कुठेही राहता येतं. हे मी तुला आधी लिहायला हवं होतं.

मी डोक्यावरचं कापड सोडून हलवलं, माघारी जा म्हणून. तू हात वर केलास आणि घोड्याला टाच मारलीस.

नाजी, तुला पोहायला मी शिकवलं. पाण्यात तुझ्या पोटाखाली हात धरून, आईला न सांगता. आता मीच सांगते, लगाम सोड. घसर. आरडाओरडा कर, हात झाड, त्यांच्या डोळ्यांदेखत बुड. खोटं बुडता आलं तर खोटं बुड, पाण्याखालून ये, खडकाआड मी तुला वर ओढेन. नाही जमलं तर खरं बुड. या बेटावर किती माणसं आहेत ते तू पाहिलेलं नाहीस. ते हसतायत तोवर बुड. मी आईला काय ते सांगेन.

पाणी घोड्याच्या मानेपर्यंत होतं. आता छातीपर्यंत आलंय. तू मध्यावरची खोल जागा ओलांडलीस.

काठावरचे हसायचे थांबले आहेत. एक अमीर पुढे आलाय, डोळ्यांवर हात धरून तुझ्या घोड्याचे पाय कुठे टेकतात ते बघतोय. त्याच्या मागे लोक घोड्यांवर चढतायत. आता पहिला उतरला. तू मागे वळून बघत नाहीस.

देवळात कुणीतरी ओरडलं, "घोडे!" आणि सगळे आत पळाले. हिलाना मला हाताला धरून ओढतेय, विचारतेय, "खाला, आता कुठं? सांग ना, आता कुठं?"

तक्ला माझ्या शेजारीच आहे. तिला भीती वाटत नाही. पुढचा घोडा मामाचा आहे हे मी तिला सांगून बसले. तिने कुणाकडून तरी फणी मागून आणलीये आणि वेणी सोडून पुन्हा घालतेय. मामा पहिल्यांदा बघणार, म्हणते, केस तरी नीट नकोत?